प्रजाती एकच असली तरी

७ जून

चिरंजीव भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पन्नाशी उलटलेल्या बाईला चिरंजीव काय लिहिता, असं तुझ्या वहिनीने आत्ताच खांद्यावरून डोकावून विचारलं. मी म्हटलं, मावसबहीण वयाने वाढत नाही, फक्त आवाजाने वाढते. त्यावर ती तुझ्या बाजूने काहीतरी बोलली, ते मी ऐकलं नाही.

तुझ्या अहवालाचं काय झालं? मी साफसूफ करून परत पाठवला, त्यालाही बरेच दिवस झाले. आता तो समितीच्या टेबलावर पडला असेल. डोंगराचा माथा दगडाच्या खाणीला द्यायचा की नाही हे तुझ्या संग्रहालयातले पतंग ठरवणार, या कल्पनेने मला अजून हसू येतं. आमच्या काव्यात पतंगाला एकच नोकरी: दिव्यावर झेप घ्यायची आणि मरायचं. तुझे मात्र भगव्या पंखांवर काळे ठिपके मिरवत हिंडतात आणि वाघपतंग म्हणवून घेतात. बरं, या वाघांचं पूर्वी स्वतंत्र कुळ होतं, ते मोडून तुम्ही लोकांनी त्यांना एका मोठ्या कुळातलं उपकुळ करून टाकलंत म्हणे. वाघांवर काय ही वेळ!

भाषेबद्दल मात्र मला दाद दे. तुझं मूळ वाक्य आठवतं का? 'वरच्या उतारावरचे आणि पायथ्याचे टायगर मॉथ एकाच जीनसचे असले तरी त्यांच्या स्पीशीज वेगळ्या आहेत.' दाताखाली खडा आला गं वाचताना. मी केलं: 'वरच्या उतारावरील व पायथ्याकडील वाघपतंग, प्रजाती एकच असली तरी, जातीने भिन्न आहेत.' जीनस म्हणजे प्रजाती, स्पीशीज म्हणजे जाती. परिभाषाकोशात अगदी असंच दिलंय. वाक्य कसं चालतंय बघ, पायातली वहाणसुद्धा वाजत नाही.

इकडे सर्व ठीक. संस्कृतच्या वर्गात यंदा चौघं आहेत. त्यांतला एक खोली चुकून आलाय, पण भिडस्त असल्यामुळे उठत नाही.

तुझा,
दादा

१५ जून

प्रिय दादा,

तुझं वाक्य चाललं खरं. वहाण न वाजवता आलं आणि डोंगर उचलून घेऊन गेलं.

समितीचा प्राथमिक निर्णय काल हातात पडला. जसाच्या तसा उतरवते. 'संग्रहालयाच्या कीटकतज्ज्ञ स्वतःच मान्य करतात की प्रजाती एकच आहे. फरक केवळ जातींचा असून तसा तो गाईगुरांत व कुत्र्यांतही असतो. सदर प्रजाती सपाटीवर सर्वत्र आढळत असल्याने माथ्यावरील उत्खननास हरकत घेण्याचे कारण दिसत नाही.'

कळलं का काय झालं? अरे, वर्तमानपत्रं, शाळेतली पोरं, टीव्हीवरची मंडळी, सगळे स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. आणि जाती म्हटलं की लोकांना आठवतात गाईच्या जाती, कुत्र्याच्या जाती. मी लिहिलं होतं, 'घराणं एक, पण प्राणी दोन.' तुझ्या शुद्धीकरणानंतर त्याचं झालं, 'प्राणी एकच, रंगरूप थोडं वेगळं.' तुझा कोश वाचणारी माणसं जगात किती, तर तू आणि तुझे चार विद्यार्थी. त्यातही एक खोली चुकून आलेला.

हसू नकोस. वरच्या उतारावरचा हा पतंग दुसरीकडे कुठेही नाही. त्याचा सुरवंट एकाच वेलीचं पान खातो आणि ती वेल त्याच उताराच्या कातळावर वाढते. हिवाळ्यात तिथे सुरुंग लागले की वेल गेली, आणि वेलीमागून तोही गेला. तुझ्यामाझ्या भांडणातलं 'गेला' नव्हे हे. जगातून गेला.

संचालकांकडे गेले तर ते म्हणाले, "बाई, शब्दांचा खेळ आहे, सोडून द्या." शेजारच्या दालनातले सापवाले जास्त स्पष्ट बोलले. म्हणाले, "बिनविषारी दिसतात तेच चावतात. तुमचे बंधू भाषेचे ना?"

काय करायचं ते सांगू नकोस, मी करतेय. तू फक्त लिहून दे की शब्द तुझे होते.

भिंगरी

२१ जून

प्रिय भिंगरी,

लिहून देतो. सोबतचा कागद बघ. सही, तारीख, हुद्दा, सगळं आहे. 'अक्षम्य' हा शब्द मी स्वतःच घातलाय. तुझ्या वहिनीने सुचवलेला त्याहून कडक होता.

आता जरा माझीही बाजू ऐक. जाती हा शब्द जन् धातूपासून आला. जी आपल्यासारखंच जन्माला घालते ती जाती. इतका चोख शब्द तुमच्या शास्त्राला शोधूनही सापडला नसता. त्या बिचाऱ्याला लोकांनी गोठ्यात नेऊन बांधला, त्याला मी काय करू? आणि ही प्रजाती! एक 'प्र' काय लागला, थोरलीची धाकटी झाली आणि कुणाला पत्ताही नाही. असो. चोख शब्द चुकीच्या कानात पडला तर तोही चुकलेलाच, हे मला या वयात एका पतंगाने शिकवलं.

माझं ऐकशील तर रीतसर शुद्धिपत्र पाठव. दोन ओळींचं, नम्र. समितीची माणसं काही राक्षस नाहीत. वाचायला चुकली, दाखवलं की दुरुस्त करतील. उगाच संचालकांच्या अंगावर धावून जाऊ नकोस. निवृत्ती जवळ आली आहे तुझी.

आणि एक विचारतो, चिडू नकोस. दोन्ही दिसायला सारखेच, असं अहवालात तूच म्हणतेस. भिंगाशिवाय तुलाही ओळखू येत नाहीत. मग ते दोन आहेत हे नक्की कशावरून?

तुझा (तात्पुरता मौनव्रती)
दादा

४ जुलै

प्रिय दादा,

कशावरून विचारतोस, तर ऐक आणि लाजू नकोस. नराच्या पोटाच्या टोकाला मादीला धरायची पकड असते. पायथ्याच्या नराची पकड चमच्यासारखी, वरच्याची आकड्यासारखी आणि टोकाशी दुभंगलेली. एक कुलूप, दुसऱ्याची किल्ली, बसतच नाही. मी घरी बरण्यांत दोन्ही वाढवलेत. एका जाळीत ठेवून पाहिले. वरच्या नराने पायथ्याच्या मादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुझ्याच भाषेत सांगायचं तर ते एकमेकांपासून काहीही जन्माला घालत नाहीत. गोठ्यातल्या कुठल्याही दोन गाई-बैलांना विचार, त्यांचं असं नसतं.

पायथ्याचा कुठेही राहतो. नदीकाठी, शेतात, पार समुद्राच्या वाळूपर्यंत. पुढे येईल ते पान खातो. दालनातल्या जुन्या पेट्यांमधलं प्रत्येक लेबल मी तपासलं. आकड्यासारखी पकड त्या एका उताराखाली कुणालाही, कधीही सापडलेली नाही.

आता तुझ्या नम्र शुद्धिपत्राची हकिगत. मी ते लिहिलं. संचालक म्हणाले, माझ्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. मग करा सही, मी म्हटलं. त्यांनी खुर्ची दाखवली. संग्रहालयाची नवी इमारत खाणवाल्यांच्या देणगीतून उभी राहतेय, हे मला तेव्हा कळलं. सापवाल्यांना म्हणे आधीपासून माहीत होतं. संचालकांनी एक तयार कागद माझ्यापुढे सरकवला. 'वाघपतंग ही एकच प्रजाती असून ती सर्वदूर आढळते, यास माझी संमती आहे.' या वेळी प्रजाती शब्द तुझ्या कोशातला नव्हता, त्यांच्या मनातला होता.

"इथे फक्त सही," ते म्हणाले. "सवडीने."

"सवड कशाला? नाही करत."

"विचार करा, बाई."

"केला. पकडी मोजताना केला."

दुसऱ्या दिवशी दालनाच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि मला दाराशी तिकीट खिडकीवर बसवलं. 'तात्पुरती व्यवस्था'. म्हणून सध्या मी प्रौढांना आणि मुलांना वेगवेगळी तिकिटं देते. निदान हे वर्गीकरण तरी कुणी नाकारत नाही.

बरण्या घरी आहेत. त्यांची किल्ली कुणाकडे नाही.

भिंगरी

१२ जुलै

प्रिय भिंगरी,

तिकीट खिडकी! तुझ्या वहिनीने पत्र वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा स्वतः करून घेतला.

मी मोठा भाऊ आहे आणि मोठ्या भावांना भित्रेपणाचा अधिकार परंपरेने मिळालेला असतो, तो वापरतो. सोड. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. मग वाघोबा म्हणून सुखाने पेन्शन घेतलेली काय वाईट? तू सही केलीस म्हणून तो पतंग काही पकड बदलणार नाही. तो वेगळा आहे तो वेगळाच राहील.

हे मी लिहितोय खरं, पण लिहिताना माझ्याच वाक्याचा अन्वय मला लागत नाहीये. तो राहील कुठे, हे त्यात येत नाही. वाक्य सुबक झालं की मी अर्थाकडे बघत नाही, ही खोड तुला आता ठाऊक आहे.

मी मधे काही दिवस पत्र लिहिणार नाही. थोडं लिखाणाचं काम अंगावर घेतलंय. विचारू नकोस.

दादा

२ ऑगस्ट

दादा,

विचारायची गरजच पडली नाही. तुझं 'लिखाणाचं काम' काल सुनावणीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं गेलं.

मला बोलावणंच नव्हतं. आदल्या दिवशी समितीच्या कचेरीतून खिडकीवर फोन आला की अध्यक्षबाईंनी तुम्हाला हजर राहायला सांगितलंय. मी गेले. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका बाजूला खाणवाल्यांचे वकील, त्यांच्या शेजारी आमचे संचालक. खुर्च्यासुद्धा कशा जोडून!

अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाल्या, "संस्कृतच्या कुणा प्राध्यापकांचं पत्र आलंय. समितीला एवढं उद्धट पत्र आजवर कुणी इतक्या शुद्ध भाषेत लिहिलं नसेल. वाचते." आणि वाचलं. 'समितीने माझे वाक्य वाचले, पण त्यातला शब्द वाचला नाही. गाईच्या दोन जातींना एकमेकींपासून वासरे होतात. या दोन पतंगांना एकमेकांपासून काहीही होत नाही. शंका असल्यास समितीने माझ्या बहिणीस विचारावे. ती खिडकीवर बसलेली आहे.'

सोड म्हणत होतास ना मला? आणि इकडे हे? मला तिथे हसू आवरेना. रडूही आवरेना, ते निराळं.

मग मी बोलले. पकडीची चित्रं दाखवली. बरणीत वरच्या उतारावरची एक मादी नेली होती. वकील म्हणाले, "हिला आम्ही ओळखायचं कसं?" मी म्हटलं, "बोटांत धरून बघा." त्यांनी हौसेने धरली. तिने मानेतून कडू पिवळा फेस काढला, थेट त्यांच्या शर्टाच्या बाहीवर. पळाली नाही, फडफडली नाही. नुसता फेस. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला.

बाही पुसत वकिलांनी विचारलं, "नाव काय या तुमच्या वेगळ्या जातीचं?"

"अजून ठेवलेलं नाही."

"ज्याला नावच नाही, ते वाचवायचं कसं?"

"वकीलसाहेब, तुमचं नाव ठेवायच्या आधी तुम्ही नव्हतात का?"

तेवढ्यात संचालक उठले. "या कामाला संस्थेची संमती नाही, याची नोंद व्हावी." अध्यक्षबाई म्हणाल्या, नोंद झाली. पण पुढे जे बोलल्या ते त्यांना बोलावंच लागलं असेल: नाव आणि वर्णन शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं तर समिती ती स्वतंत्र जाती धरेल, नोव्हेंबरअखेरपर्यंत आलं नाही तर प्राथमिक निर्णय कायम.

बाहेर आल्यावर संचालकांचा आवाज एकदम मऊ. म्हणाले, "दोन तर दोन. नवीन जातीला खाणमालकांच्या वडिलांचं नाव द्या. संस्था संमती देईल, खिडकीही सुटेल. त्यांना आनंद होईल, कोण जाणे, उतारही थोडा सोडतील."

"थोडा म्हणजे किती?"

"ते बघू ना."

"मग नावाचंही बघू," मी म्हटलं आणि निघाले.

वर्णन मी घरच्या नमुन्यांवरून लिहितेय. नमुने दुसऱ्या संग्रहालयातल्या एका मैत्रिणीकडे कायमचे ठेवायला द्यायचे ठरलंय. चित्रं सापवाले काढून देतायत. म्हणतात, सापाला पाय नसतात त्यामुळे सवय गेलीय, पण जमेल. फक्त नाव नाहीये. तुझी भाषा एकदा नडली. आता एकदा उपयोगी पडू दे. आणि या वेळी असा शब्द दे की कुणी गोठ्यात बांधू शकणार नाही.

भिंगरी

९ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वहिनीने मला मोठ्याने वाचून दाखवलं. फेसाच्या जागी तिने ते दोनदा वाचलं. मी भित्रा नव्हतो असं सिद्ध होत असेल तर होऊ दे. मी हरकत घेणार नाही.

नाव. आठवडाभर कोश उलटसुलट केले. 'फेनिला' सुचलं, पण ते साबणाचं वाटतं. 'गिरिजा' गोड आहे, पण खाणवाल्यांनाही गोड वाटेल, म्हणून बाद. 'दुराग्रहा' सुचलं तेव्हा डोळ्यांसमोर पतंग नव्हता, तू होतीस. वर्गात चौघांनाही विचारलं. खोली चुकून आलेला तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "सर, त्या पतंगाला सगळे नाहीच म्हणतायत ना? मग तेच ठेवा." तो खोली चुकला नव्हता, असं आता मला वाटायला लागलंय.

तर घे: असंमता.

विग्रह सांगतो. न संमता, ती असंमता. शाळेत शिकवतात तो नञ् तत्पुरुष. सगळ्या समासांत इतक्या ताठ मानेने नाही म्हणणारा तेवढा एकच. अर्थ: जी मान्य नाही. संस्थेला मान्य नाही, समितीला नाही, वकिलांच्या बाहीला तर नाहीच. तरी ती आहे. वेलीचं पान खाते, फेस काढते आणि आहे. ज्या संमतीसाठी तुला खिडकीवर बसवलं, तिच्यापुढे एक अक्षर लावलं की झालं. अ हे वर्णमालेतलं सगळ्यात छोटं अक्षर. पण ते पुढे उभं राहिलं की मागच्या सगळ्यांना थांबावं लागतं.

परकी मंडळी उच्चार बिघडवतील. बिघडवू देत. स्पेलिंग मात्र तू डोळ्यांत तेल घालून तपास. यंदा माझ्या हाती कुठलंही वाक्य शेवटचं सोपवू नकोस.

आणि ऐक. मागच्या पत्रातलं वाघोबाचं ते सगळं मी परत घेतो. सही करू नकोस. वाघोबा म्हणू नकोस. खायचं तर खाऊ दे, पण त्याला वाघच म्हण.

तुझा
दादा

२४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

छापून आलं. मुदत संपायला फार दिवस उरले नव्हते. छापखान्यातून निरोप आला तेव्हा सापवाले आणि मी खिडकीत उभ्याउभ्या चहा घेतला. सोबत एक प्रत पाठवतेय. नकाशा बघ. पायथ्याच्या पतंगाचे ठिपके सगळीकडे, गोवर उठल्यासारखे. असंमताचा ठिपका एक. मी तो मुद्दाम जरा मोठा काढून घेतला.

अंतिम आदेश काल आला. 'असंमता ही स्वतंत्र जाती असल्याचे समितीस मान्य आहे.' हे वाक्य समितीच्या कारकुनाने लिहिलं, तीन सभासदांनी तपासलं आणि अध्यक्षबाईंनी खाली सही केली. असंमता मान्य आहे! फळ्यावर लिहून दाखव तुझ्या चौघांना. माथा आणि वरचा उतार खाणीतून वगळला. पायथा गेला. तिथे पुढच्या महिन्यात सुरुंग लागतील, आणि वेल उताराच्या ज्या टोकाला संपते तिथून ते फार लांब नाहीत. धूळ तर येणारच. वकिलांनी वर अपील करणार म्हणून सांगितलंय. करू देत. मी अजून सुरवंट वाढवतेय.

दुपारी संचालक स्वतः खिडकीवर आले. शाळेची सहल आलेली, मागे ही मोठी रांग. वाकून हळूच म्हणाले, "झालं ते झालं. एक साधं दिलगिरीचं पत्र द्या आणि उद्यापासून दालनात या. किल्ल्या माझ्या खिशात आहेत."

"दिलगिरी कशाबद्दल?"

"संस्थेच्या संमतीशिवाय छापलंत, त्याबद्दल. दोनच ओळी. भाषा तुमची."

किल्ल्यांचा आवाज खरंच येत होता रे खिशातून. पेट्यांचा तो डांबरगोळ्यांचा वास मला तिथेच आला. खोटं कशाला बोलू, हात एकदा पुढे झाला.

मग त्याच हाताने मी तिकीट फाडलं.

"एक प्रौढ," मी म्हटलं. "कीटकदालन उजवीकडे, तिसरं. वाघपतंगांच्या पेटीवरचं लेबल जुनं आहे, तिथे अजून दोघांवर मिळून एकच नाव लिहिलंय. वाचून या. बदलायचं ठरलं तर मला बोलवा, मी लगेच येते. पत्र आणणार नाही, लेबल आणीन."

रांगेतल्या बाई मागून ओरडल्या, "अहो, घ्या ना तिकीट, पोरं ताटकळलीयत!"

त्यांनी घेतलं.

भिंगरी